मुनीमचं औषधपाणी

४ फेब्रुवारी

मावशी,

तुला आणि काकांना नमस्कार. पैशाचं काही फोनवर काढलं की तू "लिहून पाठव" म्हणतेस आणि फोन ठेवून देतेस, म्हणून हे पत्र.

आईला जाऊन चार महिने झाले. घरात अजून तिचाच वावर आहे असं वाटतं. मुनीम रोज संध्याकाळी तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसतो आणि दार उघडायची वाट बघतो. अकरा वर्षांचं कुत्रं, पण पिल्लासारखं करतं. सध्या सारखा खाजवतो, तोंडालाही घाण वास येत होता. इथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्यांनी कातडीचं औषध दिलं, दात साफ केले, एक इंजेक्शन दिलं. सगळे मिळून दोन हजार आठशे चाळीस झाले. बिल सोबत आहे.

तुला आठवत असेल, आईने शाळेचे गणवेश शिवून साठवलेले साठ हजार तुमच्या दोघींच्या नावावर ठेवलेत. आजारपणात आपल्या सगळ्यांसमोर ती म्हणाली होती की हे मुनीमच्या औषधपाण्याला. मला त्या पैशाचा मोह नाही, मावशी. पण आईचा शब्द आहे. मी तर मुनीमला धाकटा भाऊच समजतो.

तेवढे पाठवशील ना?

तुझा,
पिंट्या


९ फेब्रुवारी

पिंट्यास आशीर्वाद. चाळिशीला आलास तरी तुला अजून लागतात, म्हणून देते.

बिल मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, चष्मा बदलायला झालाय. कुत्र्याचे दात साफ केले, बाराशे! अरे, तुझ्या काकांची खालची दाढ दोन वर्षं हलतेय. ते म्हणतात, पडेल आपोआप. आणि हा मुनीम, ज्याने जन्मात एक काम केलं नाही, त्याचे दात चकचकीत. कोणाला हसून दाखवणार आहे तो?

तुझ्या आईने त्याचं नाव मुनीम ठेवलं ते मला डिवचायला, हे तुला माहीत आहे का? पिल्लू आणलं त्या दिवशी मी तिला विचारलं, "ह्याच्यावर महिन्याला किती जाणार?" तर म्हणते कशी, "तू हिशेबाची वही ठेवतेस, मी मुनीमच ठेवलाय. त्यालाच विचार." आणि हसत सुटली. तिचं सगळं असंच. हातात चार पैसे आले की कोणाच्या तरी तोंडात घालायची. ते तोंड बहुतेक वेळा तुझंच असायचं, हेही लिहून ठेवते.

मला कुत्री आवडत नाहीत असं नाही. देवाने केलीत, राहोत. पण त्यांना सदरे घालायचे, गादीवर निजवायचं, त्यांच्याशी बोबडं बोलायचं, हा देवाचाही अपमान आणि कुत्र्याचाही.

तरी शब्द तो शब्द. मरणाऱ्या माणसासमोर मान हलवली म्हणजे देवासमोर सही केली. दोन हजार सातशेचा चेक पाठवते. एकशे चाळीस कापलेत. "सुवासिक फवारा" म्हणून जे लिहिलंय ते औषध नव्हे. त्याला वास येत असेल तर आंघोळ घाल, पाणी फुकट आहे.

यापुढे दर वेळी अस्सल बिल हवं. झेरॉक्स चालणार नाही. एकेक वस्तू वेगळी लिहिलेली हवी. मी प्रत्येक कागद जपून ठेवते, तेव्हा उगीच घोळ नको.

तुझ्या बायकोला विचारलं म्हणून सांग. मागे म्हणत होती, सोफ्यावर केस पडतात. सोफ्याला म्हणावं, सांभाळून घे.

मावशी


२१ मार्च

मावशी,

कसं लिहू समजत नाही. मुनीम जिन्यावरून पडला. मागच्या पायाचं हाड मोडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज ऑपरेशन केलं नाही तर पाय कायमचा जाईल. मी क्षणभरही विचार केला नाही. पायात धातूची पट्टी बसवली आहे, सहा स्क्रू घातलेत. कचेरीतल्या एका मित्राकडून उसने घेतले तेव्हा कुठे भागलं. एकूण साडेअडतीस हजार.

आता तू म्हणशील, कुत्र्याला साडेअडतीस हजार! पण आई असती तर तिने पैशाकडे पाहिलं असतं का? तिच्या जागी मी आहे एवढंच मला समजतं. तीन दिवस मी त्याच्याजवळ जमिनीवर झोपलोय.

बिल अस्सल आहे, तू सांगितलंस तसं, एकेक वस्तू वेगळी लिहिलेली. मित्र घाई करतोय, तेव्हा उलट टपाली चेक पाठव.

तुझा,
पिंट्या


२६ मार्च

पिंट्यास आशीर्वाद.

बिल पोचलं. ते मी फेब्रुवारीच्या बिलाशेजारी मांडलं. तुझे काका म्हणाले, "काय जुळवतेस?" म्हटलं, "कुत्रा."

जुळत नाही.

फेब्रुवारीत मुनीमचं वजन साडेनऊ किलो आणि वय अकरा वर्षं. मार्चमध्ये वजन चौतीस किलो आणि वय तीन वर्षं. दीड महिन्यात तो अंगाने साडेतीनपट झाला आणि वयाने आठ वर्षांनी उतरला. असं औषध त्या बाईंकडे असेल तर मलाही घेऊन चल आणि काकांनाही. बिल काय होईल ते मी देईन, हूं की चूं करणार नाही.

नावाच्या जागी पांढरी शाई लावून त्यावर "मुनीम" लिहिलंय. अक्षर तुझं आहे. शाळेत प्रगतिपुस्तकावर बापाची सही ठोकायचास तेव्हाही अक्षरांची पोटं अशीच फुगवायचास. तेव्हा तुझ्या आईने पाठीशी घातलं. आता ती नाही, आणि माझी पाठ दुखते.

मी अजून तुला खोटारडा म्हटलेलं नाही. आधी विचारते, मग म्हणते, ही माझी रीत आहे. मुनीम कुठे आहे? त्याचं कसं आहे? ते आधी लिही. बिलाचं नंतर.

मावशी


३० मार्च

मावशी,

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. दवाखान्यातल्या कारकुनाने वजन चुकीचं टाकलं, नाव दुसऱ्याच कुत्र्याचं टाकलं, मग मीच ते खोडून नीट लिहिलं. एवढ्याशा चुकीवरून तू मला प्रगतिपुस्तकापर्यंत नेलंस. मोठ्या दवाखान्यांत गर्दी असते, मावशी. तुझ्या वहीसारखं तिथे नसतं.

मुनीम हे लिहिताना माझ्या पायाशीच बसलाय. पायाला बँडेज आहे. तुझं नाव घेतलं तर शेपूट हलवतोय.

मित्रासमोर मला मान खाली घालावी लागतेय. आईच्या पैशांसाठी तिच्या मुलाला अशी याचना करावी लागेल असं वाटलं नव्हतं.

पिंट्या


३ एप्रिल

डॉक्टरीणबाईंना नमस्कार.

आपली ओळख नाही. आपल्या बिलाच्या कागदावर पत्ता होता, त्यावर लिहिते. मुनीम नावाचा कुत्रा माझ्या धाकट्या बहिणीचा. ती वारली. आता तो तिच्या मुलाकडे असतो, आणि त्याच्या औषधपाण्याचे पैसे माझ्या हातून जातात. सोबत आपल्या दोन बिलांच्या नकला आहेत. अस्सल कागद मी कोणाला देत नाही, रागावू नये.

मी मॅट्रिक झालेली घरातली बाई. स्क्रू आणि पट्ट्या मला कळत नाहीत. पण चौतीसातून साडेनऊ गेले की साडेचोवीस उरतात, आणि हा साडेचोवीस किलो जास्तीचा कुत्रा कुठून आला, एवढंच विचारायचं आहे. बिल खरं असेल तर आपण न तोलताच वजन लिहिता असा अर्थ होतो. खोटं असेल तर माझा भाचा लबाड आहे. यातलं दुसरं निघालं तर मला वाईट वाटेल. नवल वाटणार नाही.

आणखी एक. मोठ्या बिलात "हातमोजे, चार जोड्या" असं आहे. ते कुत्र्याने घातले का?

आपल्या धंद्याविषयी माझं मत चांगलं नाही, हे आधीच सांगते, म्हणजे उत्तर लिहिताना गोड बोलण्याचे कष्ट घेऊ नका.

मुनीमची मावशी म्हणा हवं तर


८ एप्रिल

बाईंना नमस्कार.

गोड बोलायला मला वेळही नाही. सरळ लिहिते.

मोठं बिल आमचंच आहे, पण ते दुसऱ्या कुत्र्याचं. त्याचे मालक तुमच्या भाच्याच्या कचेरीत आहेत. त्यांना मी आजच विचारलं. ते म्हणाले, "बिल टेबलावर होतं, मग सापडेना."

मुनीम माझ्याकडे आहे. २ मार्चला तुमचे भाचे त्याला घेऊन आले, म्हणाले दोन दिवस बाहेरगावी जायचंय, ठेवून घ्या. दोन दिवसांचे पैसे दिले. त्यानंतर फोन उचलत नाहीत. माझा माणूस घरी गेला, तर दारात येऊन "साहेब घरी नाहीत" असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

मुनीमचे चारही पाय धड आहेत. पण त्याच्या मूत्राशयात तीन खडे झालेत. लघवीला बसतो आणि कण्हतो, रक्तही जातं. एखादा खडा वाटेत अडकला तर दोन-तीन दिवसांत संपेल. ऑपरेशन करायला हवं, आणि मालकाकडच्या कोणाच्या तरी सहीशिवाय मी ते करू शकत नाही. अकरा वर्षांचं वय आहे. भुलीतून उठेलच अशी हमी मी देत नाही. खर्च अठरा हजार.

हातमोजे. ऑपरेशनला मी आणि माझी मदतनीस अशा दोघी असतो. मध्ये एकदा मोजे बदलतो. म्हणून चार जोड्या.

"कुत्र्याला एवढे?" हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. माणसांच्या दवाखान्यात जे क्ष-किरणांचं यंत्र आहे तेच माझ्याकडे आहे, त्याच किमतीचं. भुलीचा वायू तोच, दोरा तोच. तिथे कधी विमा, कधी नोकरी, कधी सरकार वाटा उचलतं. इथे समोरचा माणूस एकटा उचलतो, म्हणून ते त्याला जड जातं. काही जण उचलतात. काही जण कुत्रा इथे ठेवून निघून जातात. या वर्षातला मुनीम पाचवा.

उरलेल्या पस्तीस दिवसांच्या मुक्कामाचे पैसे मी धरलेले नाहीत. ते धरले की कोणीच न्यायला येत नाही.

मुनीमचा जुना कागद काढला. मालक सापडला नाही तर कोणाला कळवायचं, या रकान्यात तुमच्या बहिणीने पत्ता न देता फक्त एवढंच लिहिलंय : "माझी मोठी बहीण. आधी नाही म्हणेल."

डॉक्टर


११ एप्रिल

डॉक्टरीणबाई,

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे, त्याचे वेगळे पैसे पडलेत, त्यावरून घाई समजून घ्या.

ऑपरेशन करा. सही खाली आहे. तो दगावला तर तुमच्यावर शब्द येणार नाही, हे लिहून देते. मी लिहून दिलेलं पाळते. अठरा हजारांत काय काय आलं ते मात्र एकेक मांडून ठेवा. सोमवारी सकाळच्या बसने मी येते. माझ्यासाठी थांबू नका.

हातमोज्यांचं पटलं.

भाच्याला काही कळवू नका. त्याचं पुढचं पत्र मला वाचायचं आहे.

बहिणीने लिहिलं ते खरं आहे. मी आधी नाहीच म्हणते.

मुनीमची मावशी


२४ एप्रिल

मावशी,

फार जड मनाने लिहितोय. आपला मुनीम गेला.

पायाची जखम चिघळली. एकोणीस तारखेला दुपारी त्याने प्राण सोडला. मी शेवटपर्यंत झटलो, पण देवाच्या मनात नव्हतं. आईला काय तोंड दाखवू?

बिलावरून आपल्यात जे झालं ते मी विसरलो आहे. तूही विसर. आता त्या ठेवीला काही कारणच उरलं नाही. सत्तावन हजार तीनशे असतील, आणि वर व्याज. त्यातले साडेअडतीस ऑपरेशनचे, दोन हजार पुरायला लागले. बाकीचे आईच्या नावाने एखाद्या चांगल्या कामाला लावावेत असं मनात आहे. ते मी इथे बघतो, तुला या वयात धावपळ नको. एकदम सगळे पाठवलेस तर सोयीचं होईल.

तुझा दुःखी,
पिंट्या


२८ एप्रिल

पिंट्यास आशीर्वाद.

पत्र वाचून मी होते तिथेच बसले. काकांना हाक मारून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

माझ्यासाठी एक कर. त्याच्या शेवटच्या घटका कशा गेल्या ते मला सविस्तर लिही. कुठे निजला होता, जवळ कोण होतं, कुठे पुरलंत. काही हातचं राखू नकोस. उद्या मी वर गेले आणि तुझ्या आईने विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे.

तुझं पत्र आलं की पैशाचा निकाल लगेच लावते.

मावशी


३ मे

मावशी,

तू विचारलंस म्हणून काळजावर दगड ठेवून लिहितो.

शेवटच्या दिवशी त्याने सकाळपासून काही खाल्लं नाही. मी कचेरीत रजा टाकली. आईच्या जुन्या शालीवर त्याला निजवलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "आई" म्हटलं की तेवढा कान हलवायचा. दुपारी दोनच्या सुमारास त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पुढचा पंजा माझ्या हातात दिला. मावशी, तुला खरं वाटणार नाही, पण त्या डोळ्यांत सगळं होतं. जणू म्हणत होता, दादा, तू माझ्यासाठी खूप केलंस. मग एक लांब श्वास घेतला, आणि संपलं.

मागच्या बागेत गुलाबाशेजारी त्याला पुरलं. तुझी सून दोन दिवस जेवली नाही. सोफ्यावर त्याचे केस आहेत, ते ती झाडू देत नाही. म्हणते, तेवढीच आठवण.

हे लिहिताना अक्षर पुसट दिसतंय. आणखी काही विचारू नकोस. चेकचं मात्र बघ.

तुझा,
पिंट्या


८ मे

पिंट्या,

आशीर्वाद नाहीत. शिल्लक संपली.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. काका ऐकत होते आणि टेबलाखाली मुनीम ऐकत होता. "दादा, तू माझ्यासाठी खूप केलंस" इथे आले तेव्हा त्याने जांभई दिली. तुझ्या आईच्या पैशातून त्याचे दात साफ केले ते बाराशे वाया गेले नाहीत, दात चांगले दिसले. काका म्हणाले, "पुन्हा वाच, त्याच्या मरणाचा भाग फार छान लिहिलाय." तुझ्यात गुण आहेत रे. आईला शेवटचं पाणी पाजायला तू अर्ध्या तासाची रजा काढली नव्हतीस, आणि न मेलेल्या कुत्र्यासाठी अख्खा दिवस काढलास. गुलाब मात्र खरा असेल तर त्याला पाणी घाल, खाली कोणी पुरलेलं नाही.

आता काय झालं ते ऐक. वजन, वय, तारीख, सगळं जुळतंय.

चौदा एप्रिलला मी बसने तिकडे आले. ऑपरेशन आदल्या शनिवारीच झालं होतं. तीन खडे बाटलीत घालून ठेवले होते, सर्वांत मोठा हरभऱ्याएवढा. दीड महिना हे पोटात घेऊन तो त्या जाळीच्या पिंजऱ्यात बसला होता आणि कोणाच्या पावलांचा आवाज आला की कान टवकारायचा, असं मदतनीस मुलीने सांगितलं. टाके चाटू नयेत म्हणून गळ्याभोवती प्लास्टिकचा मोठा कोन घातला होता. मला बघून त्याने तोंड फिरवलं. म्हटलं, बरोबर आहे तुझं.

डॉक्टरीणबाई तुझ्यापेक्षा वयाने लहान. म्हणाल्या, "आजी, बसा."

म्हटलं, "आजी म्हणू नका, पैसे कमी करा."

"काय कमी करू?"

"सापडेल ते."

तिने कागद माझ्यापुढे सरकवला. मी वरून खाली तपासला, खालून वर तपासला. तिने बाहेर जाऊन एका मांजरीला टोचून येईपर्यंत मी तो कागद धरून होते. कमी करावं असं त्यात काही नव्हतं. मी आयुष्यभर दुकानदारांची, सुतारांची, नळवाल्यांची बिलं तपासली, असा कागद मोजून दोनदा पाहिला असेल. मी अठरा हजार मोजून दिले. मग मुक्कामाचं काढलं. ती म्हणाली, "ते राहू द्या." म्हटलं, "फुकट ठेवायला तो तुमचा धाकटा भाऊ आहे का?" ती पन्नास म्हणाली, मी रोजचे शंभर म्हणाले. ती खाली ओढतेय आणि मी वर. अशी उलटी घासाघीस मी जन्मात पहिल्यांदा केली, आणि जिंकले. तू भरलेले दोन दिवस सोडून एकेचाळीस दिवसांचे चार हजार शंभर. ते ठेवीतले नाहीत, माझे आहेत.

टाके सुकेपर्यंत मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहिले. तुझं घर तिथून दोन चौकांवर. एकदा तू समोरून गेलासही, नवीन गाडीतून, काचा वर करून. मी हाक मारली नाही. त्या गाडीचे हप्ते थकलेत, हे मला तुझ्या कचेरीतल्या त्या माणसाने सांगितलं, तो ज्याचं बिल उचललंस. आपल्या मोठ्या कुत्र्याचा पाय दाखवायला आला होता. साडेअडतीस हजार त्याने स्वतःच्या खिशातून भरलेत आणि कुत्र्याला कडेवर घेऊन आत आला, चौतीस किलो! मी त्याला मनातल्या मनात हसले. मग तुझी आठवण झाली आणि हसू गेलं.

बसवाला मुनीमला चढू देईना. शेवटी मागच्या बाकाचं माणसाचं पूर्ण तिकीट काढलं. सहा तास तो त्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत होता. शेजारचा म्हणाला, "बाई, कुत्र्याला तिकीट?" मी म्हटलं, "याच्याहून वाईट लोक फुकट फिरतात."

तू काय केलंस ते तुला सांगायला नको. मी काय केलं ते सांगते, म्हणजे मी तुझ्यावर चढून बसले असं होणार नाही. तुझी आई गेली त्या आठवड्यात तू जिन्यात मला म्हणालास, "मावशी, ह्याला तू ने." आणि मी काय म्हणाले? "मला माणसांचंच पुरत नाही, कुत्र्याला कुठून घालू?" एवढं बोलून मी पिशवी उचलली आणि बस गाठली. तेव्हा नेला असता तर खडे मला आधी दिसले असते. देवाकडे हे पाप माझ्या नावावर आहे आणि ते मी कोणावर ढकलत नाही. पण पिंट्या, मी तोंडावर नाही म्हटलं. तू हो म्हणालास, त्याला पिंजऱ्यात सोडलंस, त्याच्या नावावर दुसऱ्याचा मोडका पाय खपवलास, आणि तेही जमेना तेव्हा त्याला मारून टाकलास. कागदावर. हाताने मारायलाही काही लागतं, ते तुझ्यात नाही.

आता पैशाचा निकाल. लगेच लावते म्हटलं होतं. ठेवीत एकोणचाळीस हजार तीनशे आहेत. खडे पुन्हा होऊ नयेत म्हणून त्याला वेगळं खाणं लागतं, ते आमच्या दोघांच्या खाण्याहून महाग आहे. ते देताना रोज मी त्याची किंमत मोठ्याने म्हणते, आणि रोज देते. तो खरोखर जाईल तेव्हा जे उरेल ते डॉक्टरीणबाईंकडे जाईल. तिच्याकडे या वर्षातला सहावा येऊन बसलाय असं तिचं पत्र आहे. तुला त्यातला छदाम मिळणार नाही. गाडीचा हप्ता भरायला आईचं आणखी काही विकायचं राहिलं असेल तर बघ.

मी पोलिसांत जाणार नाही. तेवढी तुझी किंमत मी करत नाही. तू समोर येऊन म्हणाला असतास, "मावशी, गाडी घेऊन फसलो, हप्ते भरवत नाहीत," तर मी तुला तासभर बोलले असते आणि दोन हप्ते भरले असते. तुला ते माहीत होतं. तो तासभर ऐकून घ्यायची तुझी तयारी नव्हती, एवढंच.

परवा तुझं ते पाकीट आलं ते माझ्या हातून खाली पडलं. मुनीम येऊन ते हुंगायला लागला. बराच वेळ हुंगलं. मग ते तोंडात धरलं आणि बाहेरच्या दाराशी जाऊन बसला. शेपूट जमिनीवर आपटत होती. काका म्हणाले, "काय करतोय हा?" तो दुपारपर्यंत तिथेच होता, दाराच्या फटीला नाक लावून. शेवटी मी बाहेर जाऊन रस्ता रिकामा असल्याचं त्याला दाखवलं तेव्हा कुठे त्याने पाकीट सोडलं. ओलं झालं होतं. तसंच वाळवून मग वाचलं.

तू येशील असं या घरात एकट्या त्याला वाटतं. त्याला समजावणं माझ्या हातात नाही. तू मात्र येऊ नकोस.

मावशी